डेडिकेटेड की व्हीपीएस? अडत दुकानांच्या सॉफ्टवेअरसाठी दोन्ही वापरल्यावरचं मत

निकाल आधीच सांगते. रात्री दोनला फोन उचलून डिस्कची अवस्था वाचू शकेल असं माणूस ज्यांच्याकडे नाही, त्यांनी डेडिकेटेड सर्व्हरच्या, म्हणजे अख्खं मशीन एकट्याने भाड्याने घेण्याच्या, नादी लागू नये. चांगला व्हीपीएस, म्हणजे मोठ्या मशीनचा भाड्याचा एक भाग, घ्यावा आणि उरलेले पैसे बॅकअपवर घालावेत. आम्ही मात्र डेडिकेटेड घेतला, अजून तोच चालू आहे आणि सोडायचा विचार नाही.

आमचं काम सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानांच्या हिशेबाचं. हळद, बेदाणा, गूळ. आवक, तोलाई, हमाली, शेतकऱ्याची पट्टी, खरेदीदाराचं बिल, उचल, उधारी, सगळं ब्राउझरमध्ये. मागे पोस्टग्रेस डेटाबेस, सगळ्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर. दिवसातले बरेच तास सर्व्हर नुसता बसून असतो. सौदे उरकले की मात्र सगळी दुकानं एकदम पट्ट्या काढायला बसतात. शेतकरी समोर खुर्चीत, त्याची गाडी बाहेर उभी. त्या तासाभरात पान उघडायला सात-आठ सेकंद लागले की फोन ठरलेला: "मॅडम, पट्टी निघंना झालीया."

सुरुवातीला चार कोअर (प्रोसेसरचे स्वतंत्र काम करणारे भाग) आणि ८ जीबी रॅमचा (चालू कामाच्या मेमरीचा) व्हीपीएस होता. कंपनीचं नाव घेत नाही, कारण जे घडलं ते या धंद्यात कुठेही घडतं. व्हीपीएस म्हणजे एका मोठ्या मशीनचे केव्हीएमसारख्या सॉफ्टवेअरने पाडलेले भाग. रॅम सहसा तुमच्या नावावर राखून ठेवलेली असते. प्रोसेसर मात्र स्वस्त प्लॅनमध्ये वाटून दिलेला असतो. चार कोअर तुम्हाला, चार शेजाऱ्याला, असं करत मशीनमध्ये आहेत त्यापेक्षा जास्त कोअर विकले जातात. सगळ्यांना एकाच वेळी लागत नाहीत, या हिशेबावर तो धंदा चालतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर लिनक्सवर टॉप कमांड चालवा आणि प्रोसेसरच्या ओळीत शेवटचा आकडा बघा, एसटी. तुमच्या मशीनला काम करायचं होतं, पण खालच्या खऱ्या प्रोसेसरने वेळ दुसऱ्याला दिला, त्याची ती टक्केवारी. सकाळी आमच्याकडे तिथे शून्य दिसायचं. पट्ट्यांच्या वेळी पंधरा-वीसच्या घरात. आमचा स्वतःचा वापर निम्म्यावरही नसताना पान रखडायचं. (ऑफिसात तेव्हापासून "आज एसटीला गर्दी आहे" हा वाक्प्रचारच झाला.) सपोर्टला आकड्यांसकट लिहिलं, तर उत्तर आलं, आमच्या बाजूने सगळं नॉर्मल आहे. दुसऱ्या मशीनवर हलवा म्हटलं, हलवलं, काही आठवडे बरं गेलं, मग तेच.

इथे बरेच जण थेट डेडिकेटेडवर उडी मारतात. मधली एक पायरी आहे, तिचा विचार जरूर करा. डिजिटलओशन, लिनोड (आता अकामाईची) यांच्यासारख्या कंपन्या राखीव प्रोसेसरचे व्हीपीएस वेगळे विकतात. किंमत जास्त, पण कोअर कुणाशी वाटून घ्यावे लागत नाहीत आणि व्हीपीएसच्या सोयीही राहतात. पहिलीचं बंगळूरला डेटा सेंटर, म्हणजे सर्व्हर ठेवायची जागा, आहे, दुसरीचं मुंबईला, त्यामुळे अंतराचाही प्रश्न नाही. दहातल्या आठ धंद्यांनी इथेच थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आम्ही पुढे गेलो ते रॅममुळे. डेटाबेस रॅममध्ये मावला की पान झटपट उघडतं. डेटाबेस वाढत वाढत वीस जीबीच्या वर गेला होता. मागच्या हंगामांचे खातेउतारे कुणीही केव्हाही मागतं, म्हणून जुना डेटा बाजूला काढता येत नव्हता. राखीव प्रोसेसर आणि ६४ जीबी रॅमचा व्हीपीएस घ्यायचा, तर त्याचं भाडं मुंबईतल्या डेडिकेटेड मशीनच्या वर जात होतं. हिशेब तिथे फिरला. लहान आकारात व्हीपीएस स्वस्त पडतो; रॅम वाढवत नेलात की एका टप्प्यावर सगळं मशीनच भाड्याने घेणं परवडतं.

आता मशीन आमचं एकट्याचं. ६४ जीबी ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करणारी) रॅम, दोन एनव्हीएमई, म्हणजे वेगवान, डिस्क, एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या, म्हणजे रेड-१. अख्खा डेटाबेस रॅममध्ये मावतो. पट्टी सेकंदाच्या आत निघते आणि, मला याचंच जास्त कौतुक आहे, गर्दीतही तेवढ्याच वेळात निघते. भाडं आधीच्या साधारण तिप्पट.

आता त्रास. डेडिकेटेडमध्ये लोखंड तुमच्या गळ्यात येतं. आमची एक डिस्क गेली. डिस्कच्या जोडीची अवस्था दाखवणारी लिनक्सची एमडीस्टॅट फाइल उघडली की निरोगी जोडी चौकटी कंसात दोन यू अशी दिसते. एक यू आणि शेजारी अधोरेषा दिसली की समजावं, एका पायावर उभे आहोत. काम चालू होतं, एकाही दुकानाला पत्ता लागला नाही. पण डिस्क बदलायला मशीन बंद करावं लागणार होतं. तिकीट टाकलं संध्याकाळी, माणूस रॅकपाशी पोहोचला दुसऱ्या दिवशी. त्याचं काम डिस्क खोचण्यापुरतं. नव्या डिस्कवर पार्टिशन पाडणं, ती जोडीत घालणं, तिच्यावर बूटलोडर (मशीन सुरू करणारा छोटा प्रोग्राम) टाकणं आपल्याकडे. हे शेवटचं राहून गेलं, तर पुढच्या वेळी पहिली डिस्क गेल्यावर मशीन चालूच होत नाही. व्हीपीएसवर यातलं काहीच माझ्या वाट्याला आलं नसतं. तिथे खालचं मशीन कुरकुरायला लागलं, तर बऱ्याच कंपन्या तुमचा सर्व्हर दुसरीकडे सरकवतात आणि तुम्हाला फक्त ईमेल येतो.

स्नॅपशॉटही गेला, म्हणजे सर्व्हरची त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत घेण्याची सोय. व्हीपीएसवर नवी आवृत्ती चढवण्याआधी एक बटण दाबायचं, बिघडलं की दहा मिनिटांत मागे. त्याची आठवण मला अजून येते.

जर्मनी-फिनलंडला सर्व्हर स्वस्त मिळतात, हेट्झनर या जर्मन कंपनीचे वापरून उतरलेले सर्व्हर तर लिलावातच, हे सगळे सांगतात. ब्लॉग असेल तर खुशाल घ्या. आमच्या एका पानामागे सर्व्हरला अनेक खेपा होतात. मुंबईला एक खेप दहा-वीस मिलिसेकंदांची. युरोपला सव्वाशे-दीडशे, कधी त्याहून जास्त. शिवाय कायद्याचं आहे. नोंदणीकृत कंपन्यांना संगणकावरच्या हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो, आणि २०२२ च्या दुरुस्तीपासून तो रोजच्या रोज. आमच्या ग्राहकांत प्रायव्हेट लिमिटेड थोडे आहेत, पण त्यांचे सीए हे हमखास विचारतात. परदेशी कंपनीचं बिल असेल, तर १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने आपण भरायचा आणि मग क्रेडिट घ्यायचं, तेही हिशेबात धरा.

व्हीपीएस आम्ही सोडला मात्र नाही. एक छोटा, दुसऱ्या कंपनीचा, दुसऱ्या शहरात. मुख्य डेटाबेसमधले बदल सतत तिकडे जात राहतात. मुंबईचं मशीन झोपलं, तर पट्ट्या तिथून निघतील. हळू निघतील, पण निघतील. दुसऱ्या शहराचा आग्रह का, हे विचारणाऱ्याला मी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गची आग सांगते. १० मार्च २०२१ ला ओव्हीएच या सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीची एक अख्खी डेटा सेंटरची इमारत तिथे जळाली, आणि बॅकअप त्याच आवारात असलेल्यांचा बॅकअपही गेला. पण अशी चालती नक्कल म्हणजे बॅकअप नव्हे. मुनीमजींनी इकडे खातं पुसलं की क्षणात तिकडेही पुसलं जातं. म्हणून रात्रीचा डंप, म्हणजे डेटाबेसची त्या वेळची पूर्ण प्रत, वेगळा, तिसऱ्या जागी.

घेण्याआधी विक्रेत्याकडून एकच गोष्ट लेखी मागा: डिस्क गेली तर किती तासांत बदलणार, आणि रविवारी कोण असतं. भाव ठरवताना मला खूप काही तोंडी मिळालं. हे लेखी मागितल्यावर कागदावर आलं "बेस्ट एफर्ट", म्हणजे जमेल तसं करू, हमी नाही.

यार्डातून सर्वाधिक येणारा प्रश्न वेगळाच असतो: चार माणसांना घरून टॅली वापरायची आहे, डेडिकेटेड घेऊ का? नको. विंडोजचा साधा व्हीपीएस पुरतो. फक्त विंडोज सर्व्हरवर देखभालीसाठी दोनच रिमोट सेशन (दुरून एका वेळी होणाऱ्या जोडण्या) मिळतात. रोजच्या कामाला माणसागणिक वेगळं लायसन्स लागतं, आणि टॅलीचंही एकापेक्षा जास्त जणांनी वापरायचं लायसन्स हवं. सर्व्हरच्या भाड्याआधी या दोन्हींचा भाव काढा. बहुतेक शेठ तो आकडा ऐकून म्हणतात, राहू दे, मुनीमजींना दुकानातच बसवतो.