दुधाच्या कॅना, रोजचे ४२ किलोमीटर आणि तीन गाड्या

भाच्याचा फोन आला, मामा नवीन गाडी घ्याची हाये, सीएनजीची घेऊ का इलेक्ट्रिक का आपली पेट्रोलचीच, तुमीच सांगा न. हा पोरगा रोज सकाळी २० लिटरच्या दोन कॅना गाडीला लटकवून संकलन केंद्रावर दूध पोचवतो, येणं-जाणं धरून ४२ किलोमीटर, आणि आठ दिवसातून एक खेप जिल्ह्याच्या गावी सरकी ढेप आणायला. मी त्याला म्हटलं, गाडी कशी दिसते ते मागून पाहू, पहिले हे पाह्य की गाडीवाल्या कंपनीनं इंधनवाल्याशी हात कुठवर मिळवला आणि तो हात आपल्या तालुक्यात पोचला का. कारण शोरूममध्ये विकतात ती फक्त गाडी, तिचं खाणं आपल्यालेच शोधा लागते.

पहिले सीएनजी. बजाजनं जुलै २०२४ मध्ये पुण्यात फ्रीडम १२५ काढली, गडकरी साहेबांच्या हातानं, जगातली पहिली सीएनजी मोटरसायकल म्हणून. सीटखाली २ किलोची गॅसची टाकी आणि वर २ लिटर पेट्रोल, कंपनी म्हणते दोन्ही मिळून ३३० किलोमीटर. गॅस संपला की हँडलवरचं बटन दाबा आणि पेट्रोलवर चला, हे लय बेस काम केलं त्यांनी. पण गॅस देणार शहर गॅसवाल्या कंपन्या, त्या वेगळ्या, आणि आमच्या खेड्यापासून जवळचा पंप जिल्ह्याच्या गावी, ३८ किलोमीटरवर. आता हिशेब लावा, खड्ड्याच्या रोडवर किलोला ८५ धरला तर टाकी चालते १७० किलोमीटर, त्यातले ७६ नुसते गॅस आणायला जायचे-यायचे, म्हणजे गॅस आणायलाच जवळपास निम्मी टाकी गेली! भाच्याचं बरं की तो ढेपीसाठी तसाही जातो, म्हणून आठवड्यातून एकदा भरणं फुकटात होते, तरी आठवड्याच्या ३७० किलोमीटरपैकी १७० च गॅसवर, बाकी पेट्रोल. महिन्याला सहाशेक रुपये वाचतील, त्याच्यावर नाही. अन् गॅसचा भाव कायम स्वस्तच राहील असंही धरू नका, २०२२ मध्ये नागपुरात सीएनजी १२० रुपये किलोवर गेला होता, कारण तिथं गॅस टँकरनं गुजरातेतून यायचा. टाकीची दर तीन वर्षांनी टेस्ट करा लागते तेही लक्षात ठेवा.

याच्यात एक गोष्ट मात्र मले मनापासून आवडते. सुझुकीनं एनडीडीबी (राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळ) आणि तिथल्या बनास डेअरीसोबत गुजरातेत बनासकांठ्याकडे शेणापासून गाडीचा गॅस बनवायचे करार केलेत. गोबरगॅस साफ केला की मिथेनच राहते, सीएनजीत बी तेच. विदर्भातही एनडीडीबी दूध प्रकल्पात हाये, शेण तर आपल्याकडं उकिरड्यावर पडूनच असते, असा एखादा प्लांट तालुक्याला झाला तर मी भाच्याला डोळे मिटून सीएनजी घे म्हणीन. पण झाल्यावर. आज त्याच्या भरोशावर हप्ते बांधू नये.

इलेक्ट्रिकचं उलटं आहे, इंधन घरातच. ४२ किलोमीटरले दीड युनिट, महिन्याचे ४५ च्या आसपास. बिल १०० युनिटच्या वर गेलं की महावितरणचा दर उडी मारते, ते धरूनही पाचशे-सहाशेत महिना निघतो, पेट्रोलले तेवढ्याच फिरण्यात २४०० लागतात. भागीदाऱ्याही इथंच जास्त, हिरोनं एथर या इलेक्ट्रिक स्कूटरवाल्या कंपनीत २०१६ पासून पैसा टाकला आणि डिसेंबर २०२३ पासून हिरोची विडा स्कूटर आणि एथर एकमेकीच्या फास्ट चार्जरवर चार्ज होतात, होंडानं एचपीसीएल या तेल कंपनीच्या पंपांवर बॅटरी बदलायची केंद्रं बंगळुरूपासून सुरू केली. छान आहे, बंगळुरूवाल्यांसाठी. आपल्या कामाचं त्यातलं एवढंच की दोन कंपन्यांचा प्लग एक झाला, उद्या तालुक्यात एक चार्जर आला तरी दोघांले पुरते.

खरी भानगड घरात होते. आमच्या शेजारच्या मास्तरांनी स्कूटर आणली, ओसरीत चार्जर लावला तर लाल लाइट, गाडी चार्जच होईना. कंपनीवाले म्हणे चार्जर बदलतो, दोनदा बदलला, तरी लालच. शेवटी गावातला वायरमन आला, बोर्ड खोलला आणि हसला, गुर्जी अर्थिंगच नाही न घराले. न्हाणीजवळ खड्डा खांदला, प्लेट टाकली, मीठ-कोळसा भरून वरून बादलीभर पाणी ओतलं, दहा मिनिटात हिरवा. तेव्हापासून मास्तर खुश, एकटा माणूस, शाळा १५ किलोमीटर. तुमचं असं असलं तर बिनधास्त घ्या, फक्त गावठाण फीडरची लाइट रात्री किती राहते ते पाहून, आणि मे महिन्यात उन्हातून आल्या आल्या चार्जिंग लावू नका, तास-दोन तास थंडी होऊ द्या. बॅटरी एलएफपी (लिथियमचीच, पण लोह-फॉस्फेटवाली) असली तर उन्हाले जास्त टिकते. पण मास्तरच्या स्कूटरले आम्ही कॅना बांधून पाहिल्या, वळणावर अशी झुलली की भाचा म्हणे राहू द्या मामा, दूध सांडलं तर माय मारन.

राहिली पेट्रोलची. पंपावर आता ई२० च भेटते, म्हणजे २० टक्के इथेनॉल, तेल कंपन्या आणि साखर-मक्याच्या डिस्टिलऱ्यांची भागीदारी, अन् ही एकच अशी की गावोगावच्या पंपावर पोचली. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ताकद कमी, नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच ई१० च्या (१० टक्के इथेनॉलच्या) हिशेबाच्या दुचाकीचं अॅव्हरेज ३-४ टक्के पडेल असं लिहिलं होतं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे पार्ट ई२० ले चालतात, जुन्यांचे रबर खराब होऊ शकते. भाच्याच्या २०१४ च्या गाडीचा पेट्रोल पाइप मी हातानं दाबून पाहिला, भिजलेल्या खारकीसारखा फुगलेला. पावसाळ्यात टाकीत पाणी जाऊ देऊ नका, इथेनॉल पाणी ओढते आणि मग पाण्यासकट टाकीच्या तळाशी बसते. फ्लेक्स फ्युएलवाली, म्हणजे जास्त इथेनॉलवर बी चालणारी, होंडाची सीबी३००एफ पण आहे, ई८५ म्हणजे ८५ टक्के इथेनॉलपर्यंत चालते, २०२४ मध्ये १ लाख ७० हजाराला आली, दूधवाल्यानं तिकडं पाहूच नये.

तर पंप रस्त्यात किंवा १०-१२ किलोमीटरवर असेल अन् ओझं वाहाचं असेल तर सीएनजी, एकट्याची डेली नोकरी असेल तर इलेक्ट्रिक, आणि दोन्ही जमत नसेल तर आहे ती पेट्रोलची नीट करून वापरा, हप्ता नाही काही नाही. भाच्यानं सध्या पाइप आणि कार्बोरेटरची रबरं बदलून घेतली, पुढच्या ढेपीच्या खेपेला पंपावर थांबून कॅनावाला कोणी सीएनजी चालवत असेल तर त्याला मायलेज विचारून येतो म्हणाला.