मॅनिमार्को: नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा (ऑब्लिव्हियन रीमास्टर्डची मेजेस गिल्ड स्टोरी)

22 एप्रिल 2025 ला ऑब्लिव्हियन रीमास्टर्ड (जुन्या ऑब्लिव्हियन गेमची नव्याने चकचकीत केलेली आवृत्ती) दाखवला आणि त्याच दिवशी विकायलाही ठेवला (लीक आधीच झालं होतं म्हणा, पण तरी), मी ताटावरून उठून डाउनलोड लावला, 125 जीबी, सकाळी दात घासताना बघतो तर अजून चालूच. मूळ गेम 2006 चा, तेव्हा तो आतेभावाच्या पीसीवर सुट्टीत खेळलेलो, म्हणजे खेळायचा तो आणि मी शेजारी बसून "तो पेटारा उघड ना, तो पेटारा" करायचो. त्यामुळे पूर्ण गेमचा रिव्ह्यू काही मी लिहित नाहीये, तो बऱ्याच जणांनी लिहून झालाय. मला फक्त त्यातल्या मेजेस गिल्डच्या, म्हणजे जादूगारांच्या संघटनेच्या, स्टोरीबद्दल बोलायचंय, आणि त्यातल्या मॅनिमार्कोबद्दल. स्पॉयलर भरपूर आहेत, 2006 ची स्टोरी आहे, आता रडू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. मॅनिमार्को हा आल्टमर, म्हणजे हाय एल्फ, उंच पिवळट कातडीचे असतात ते. ऑब्लिव्हियन ज्या एल्डर स्क्रोल्स गेममालिकेतला आहे, तिच्या दुनियेतला सगळ्यात बदनाम नेक्रोमान्सर, मढी उठवणारा मांत्रिक समजा. आर्टेयम बेटावर तो आणि व्हेनस गॅलेरिअन एकत्र शिकले, गॅलेरिअनने पुढे मेजेस गिल्ड काढली आणि ह्याने ऑर्डर ऑफ द ब्लॅक वर्म, स्वतःला म्हणवतो किंग ऑफ वर्म्स. ह्याच मालिकेतल्या 1996 च्या डॅगरफॉल गेममध्येही हा आहे, आणि तिथल्या एका एंडिंगमध्ये तर साहेब चक्क देव होतात, आकाशात नेक्रोमान्सर्स मून होऊन बसतात. एवढा मोठा माणूस. हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

आता ऑब्लिव्हियनमध्ये गंमत अशी की बराच वेळ ह्याचं नावसुद्धा कोणी काढत नाही. तुम्ही गिल्डमध्ये भरती होता, आर्केन युनिव्हर्सिटीत, म्हणजे गिल्डच्या मुख्यालयात, घुसायला सात शहरांच्या गिल्ड हॉलची शिफारसपत्रं गोळा करत फिरता, अगदी आपल्याकडे सरकारी कामाला सह्या गोळा करतात तसं, आणि प्रत्येक ठिकाणचा मुख्य आपलंच काहीतरी घरगुती काम गळ्यात मारतो. शेडिनहॉलला फाल्कार नावाचा बुवा म्हणतो मागच्या विहिरीत एक अंगठी पडलीय ती काढून आण. उतरता, तर खाली आधीच्या पोराचं प्रेत तरंगतंय, त्यालाही हाच पाठवलेला, आणि ती अंगठी मुद्दाम इतकी जड बनवलीय की हातात घेतली की माणूस हलूच शकत नाही, तिथेच बुडायचं. वर येऊन बघता तर फाल्कार पसार, त्याच्या खोलीत शिफारसपत्र सापडायच्या ऐवजी सापडतात दोन काळे सोल जेम, म्हणजे आत्मा कोंडायचे खडे. साध्या जेममध्ये जनावरांचे आणि राक्षसांचे आत्मे मावतात, माणसाचा आत्मा कोंडायला काळाच लागतो. गेम हे जास्त समजावत बसत नाही, पण तुम्हाला कळतं की हा माणूस इतकी वर्षं गिल्डच्या पगारावर बसून काय करत होता.

इथून पुढे हे नेक्रोमान्सर लोक हळूहळू पसरत जातात आणि हा भाग खरंच भारी लिहिलाय. युनिव्हर्सिटीत गेल्यावर पहिलं काम काय, तर स्वतःची काठी बनवायला वेलस्प्रिंग केव्हला जा. वाटतं आता कोणीतरी लेक्चर देईल, तर तिथे आपलेच जादूगार मरून पडलेत आणि नेक्रोमान्सर आपली वाट बघतायत. मग कळतं की गिल्डचा प्रमुख, आर्चमेज ट्रॅव्हनने गिल्डमध्ये नेक्रोमन्सीवर बंदी घातली, त्याने चिडून काही लोक बाहेर पडले आणि काही आतच राहिले, गपचूप. म्हणजे शत्रू बाहेरून आलेलाच नाही, कालपर्यंत त्याच कॅन्टीनमध्ये जेवणारे लोक आहेत.

आणि ते डार्क फिशर नावाच्या गुहेचं प्रकरण. दर आठ दिवसांनी एका रात्री नेक्रोमान्सर्स मून पुढे येतो आणि गुहेबाहेरच्या दगडी वेदीवर वरून प्रकाशाचा झोत पडतो, तेव्हा तिथे ग्रँड सोल जेम ठेवून सोल ट्रॅप मंत्र मारला की तो काळा होतो. थोडक्यात यांची अमावस्या. मी हे वेट बटन (गेममधला वेळ पुढे ढकलायचं) न दाबता बघायचं ठरवलं, म्हणून झुडपात बसून राहिलो, आई मागून चहा ठेवून गेली आणि म्हणाली अर्धा तास झाला आकाशाकडेच बघतोयस, गेम अडकलाय का. नाही गं आई, मांत्रिक लोकांची वाट बघतोय. रीमास्टरमध्ये रात्रीचं आकाश इतकं छान केलंय की कंटाळा आला नाही, लॅपटॉपचा पंखा मात्र पीठगिरणीसारखा ओरडत होता, तो म्हाताराच झालाय, त्यात गेमचा दोष नाही.

पण सगळ्यात जास्त लागलं ते ब्रूमा शहर. शिफारसपत्रांच्या वेळी तिथे काय कॉमेडी असते बघा, जस्कार नावाचा मांजरमाणूस अदृश्य होऊन बसलाय, गिल्डप्रमुख जीन बाई चिडून त्याला शोधतायत, आणि व्होलानारो, ह्या सगळ्यातला त्याचा पार्टनर, आपल्याला सांगतो की आधी बाईंच्या टेबलातून त्यांचं पुस्तक चोर मग सांगतो. होस्टेलची पोरं नुसती. मी चोरलं, हसलो, पत्र घेतलं, विसरलो. मग बऱ्याच तासांनी गिल्डवाले म्हणतात ब्रूमाकडून काही निरोप नाही, जाऊन बघ. दार उघडलं तर आत आग, भुतं फिरतायत, जीन बाई मेलेल्या, व्होलानारो मेलेला. आणि सगळं संपल्यावर शेजारच्या हवेतून जस्कार प्रकट होतो. ज्या मंत्राने बाईंना छळायचा त्याच मंत्राने वाचला. तोच सांगतो की हे मॅनिमार्कोचं काम आहे, तो परत आलाय. मी गेम पॉज करून पाणी प्यायला गेलो, खोटं कशाला बोलू.

तर एवढी तयारी करून. गिल्डच्या कौन्सिलमधले दोन वरिष्ठ, एक नेक्रोमान्सरचा ताईत घेऊन जातो, एक ब्लडवर्म हेल्म नावाचं शिरस्त्राण. ट्रॅव्हन म्हणतो मॅनिमार्को तुझं मन ताब्यात घेईल, त्यावर एकच उपाय, आणि तो म्हातारा तुमच्यासमोर स्वतःचा आत्मा मोठ्या काळ्या जेममध्ये कोंडून खाली कोसळतो. तो जेम घेऊन तुम्ही निघता. म्हणजे माझ्या बॅगेत सहा पोशन, चोरलेले चांदीचे चमचे आणि त्यांच्या मधे आमच्या आर्चमेजचा आत्मा. अशा अवस्थेत मी जेरॉल डोंगरात बर्फ तुडवत एको केव्हला पोचलो, बाहेरचा पहारेकरी मारला, किल्ली घेतली, आतली मढी निपटली, शेवटच्या खोलीत गेलो.

आणि तिथे झगा घातलेला एक एल्फ. बस्स. दोन-चार वाक्यं बोलतो, ट्रॅव्हन फुकट मेला वगैरे, मग मारामारी. माझं कॅरेक्टर लेव्हल 19, तलवारीचे पाच का सहा वार, साहेब आडवे. मला वाटलं हा डुप्लिकेट असेल, खरा मागून येईल. नाही आला. जर्नल अपडेट झालं, क्वेस्ट संपली. डॅगरफॉलमध्ये देव झालेला माणूस वाटेतल्या एखाद्या डाकूएवढाही टिकला नाही. 2006 मध्ये आतेभाऊ ह्याच जागी खुर्चीत मागे रेलून "एवढंच?" म्हणाला होता, आणि रीमास्टरमध्ये सगळं पॉलिश केलंय पण हा सीन जेवढा होता तेवढाच ठेवलाय. जुनं जपायचं होतं हे कळतं, पण निदान लढाईचा एक टप्पा वाढवला असता तर कोणी केस टाकली नसती.

फॅन लोकांनी यावर एक थिअरी काढलीय, की डॅगरफॉलची सगळी एंडिंग्ज एकाच वेळी खरी धरलीत त्यामुळे एक मॅनिमार्को देव झाला आणि एक तसाच माणूस राहिला, आणि ऑब्लिव्हियनमध्ये आपण मारतो तो हा उरलेला. त्या दुनियेची दंतकथा म्हणून मस्त, पण मला विचाराल तर हे सारवासारव करणं झालं. लढाई मुळातच फुसकी आहे. किंग ऑफ वर्म्सचा रुबाब बघायचा असेल तर एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन बघा, त्यात मुख्य कथेच्या सुरुवातीलाच तो आपल्याला बळी देतो, आत्मा मोलाग बाल नावाच्या सैतानाकडे पाठवतो, आणि त्याआधी सम्राटाच्या खास साथीदारांत बसून सगळ्यांना गंडवलेलं असतं. तिथे तो हुशार वाटतो. इथे फक्त त्याचे चेले हुशार वाटतात.

तरी घ्यावा का गेम? घ्या. आता धावता येतं, लेव्हलिंगची जुनी कटकट बरीच कमी झालीय, वेगवेगळ्या जमातींना वेगळे आवाज दिलेत, शिव्हरिंग आइल्स आणि नाइट्स ऑफ द नाइन ही जोड-कथानकं आतच आहेत, आणि गेम पासवर (मायक्रोसॉफ्टची गेमची वर्गणी) असाल तर वेगळे पैसे नाहीत. 16 जीबी रॅम किमान हवी, खरं म्हणजे 32. आणि मॅजिक खेळणार नसाल तरी मेजेस गिल्ड कराच, युनिव्हर्सिटीत स्वतःचे मंत्र बनवायला मिळतात त्या एका गोष्टीत माझे दोन शनिवार गेले. आर्चमेज झाल्यावर एक पेटीही मिळते, त्यात औषधी वनस्पती टाकली की वाढून मिळते, आतेभावाला हे तेव्हा माहीतच नव्हतं, परवा फोनवर सांगितलं तर खरंच हळहळला.

बक्षीस म्हणून मॅनिमार्कोची स्टाफ ऑफ वर्म्स मिळते, मेलेल्याला 30 सेकंद उठवते. ती घेऊन मी ब्रूमाला गेलो, काठी चालवायला नाही, असंच. हॉल अजून जळकाच आहे, गिल्डने आणि मी, म्हणजे आर्चमेजनेही, दुरुस्त केलेला नाही.