केवायसीच्या नावाखाली अंगठा घेतला आणि हप्ता उचलला

माझ्या काकूंच्या नावावर सव्वा एकर कोरडवाहू जमीन आहे. पीएम किसानचे वर्षाला 6,000 रुपये आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे तेवढेच, दोन्ही 2,000 च्या हप्त्यांनी. काका गेल्यापासून बियाणं आणि बीपीच्या गोळ्या यातूनच निघतात. म्हणून ज्याने हे पैसे खाल्ले त्याचा मला मनापासून संताप आहे.

तालुक्याच्या गावी एक ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, आधार, सगळं तिथेच. दुकानदाराने काकूंना सांगून ठेवलं होतं, "मावशी, दर हप्त्याला केवायसी करावी लागते, नाहीतर नाव कटतं." हे साफ खोटं आहे. ई-केवायसी एकदा झाली की झाली, आणि काकूंची कधीच झालेली होती. पण नाव कटेल म्हटल्यावर कोण वाद घालणार? त्या बाजाराच्या दिवशी दुकानात जायच्या, मशीनवर अंगठा ठेवायच्या. तो म्हणायचा, "ठसा लागेना, पुसून परत ठेवा." खुरपणी करून रेषा झिजलेल्या, त्यामुळे त्यांनाही ते खरंच वाटायचं. पदराला अंगठा पुसून त्या पुन्हा ठेवायच्या. केवायसीचे पन्नास रुपये वर द्यायच्या. हप्त्याचं विचारलं की उत्तर ठरलेलं: "वरूनच आला नाही."

दिवाळीत गावी गेलो तेव्हा पासबुक भरून आणलं. हप्ते वेळेवर जमा झाले होते. प्रत्येक जमेनंतर काही दिवसांनी 2,000 ची आधारवरून उचल, आणि उचलीच्या सगळ्या तारखा बाजाराच्या वाराच्या. काकू पासबुकाकडे बघून एवढंच म्हणाल्या, "म्हणजे सरकार देत होतं?"

यातली मेख नीट समजून घ्या. आधारवरून पैसे काढायला एटीएम कार्ड लागत नाही, पिन लागत नाही, ओटीपीही येत नाही. आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा, बस. केवायसीला मात्र बँकेचं नाव लागत नाही. तेव्हा केवायसी करताना कोणी "खातं कुठल्या बँकेत?" विचारलं की अंगठा उचला आणि स्क्रीन दाखवायला सांगा. काकूंना तो हे दरवेळी विचारायचा. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर काकांचा, बंद पडलेला. त्यामुळे मेसेज कुणालाच आला नाही. घरात माणूस गेलं की वारसाची नोंद आपण धावत जाऊन करतो, बँकेतला नंबर बदलायचं कुणाला सुचत नाही.

बँकेत लेखी अर्ज दिला. अशा प्रत्येक उचलीला व्यवहाराचा नंबर असतो, त्यावरून ती कुठल्या मशीनवर झाली हे बँकेला काढता येतं. 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यातही दिली. त्यानंतर तो माणूस पैसे घेऊन घरी आला, काकूंच्या पाया पडला. पैसे आम्ही घेतले, ते काकूंचेच होते. तक्रार मागे घेतलेली नाही. भावकीतले म्हणतात, मिळाले ना, मग सोडा. पण त्याच दुकानात आमच्या वाडीतल्या कितीतरी बायका अंगठा देतात आणि त्यातल्या बऱ्याच जणींनी पासबुक वर्षानुवर्षं भरलेलं नाही.

घरात म्हातारं माणूस असेल तर या आठवड्यात त्यांचं पासबुक भरून आणा. पीएम किसानच्या साइटवर लाभार्थ्याची स्थिती बघा, कुठला हप्ता कधी जमा झाला ते तिथे दिसतं. केवायसी राहिली असेल तर ओटीपीने किंवा त्यांच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून घरच्या घरी होते. आणि आधारचा बायोमेट्रिक लॉक लावून टाका. एमआधार ॲपमधून तो लागतो, फक्त आधारला चालू मोबाइल जोडलेला हवा. लॉक असताना त्या अंगठ्यावर पैसे निघत नाहीत. गरजेपुरता उघडता येतो. काकूंचा आम्ही लावला आहे आणि आता वाडीतल्या बाकीच्यांचे लावतो आहोत.