गल्ल्यावरचा बिलिंग प्रोग्राम: हिशेब चोख, कर्सर बेभरवशाचा

चिपळूण-रत्नागिरीपासून कुडाळ-सावंतवाडीपर्यंत कोकण मेव्याच्या दुकानांत हा विंडोजवर चालणारा बिलिंग प्रोग्राम दिसतो. नाव मुद्दाम देत नाही. खाली सांगितलेल्या खोडी याच पठडीतल्या इतर प्रोग्राममध्येही आहेत. जीएसटी, पेटी-डझनाचा हिशेब, छपाई यांत खोट काढायला जागा नाही. घोळ फोकसचा, म्हणजे कीबोर्डचा ताबा त्या क्षणी कुणाकडे आहे याचा आहे. टाइप केलेलं नेमकं कुठल्या रकान्यात पडेल, याचा भरवसा नाही, आणि मे महिन्यातल्या गर्दीत हे महागात पडतं.

आधी चांगलं. एंटर दाबला की कर्सर कोडवरून नगावर, तिथून दरावर आणि मग पुढच्या ओळीच्या कोडवर जातो. माऊस लागत नाही. नगाच्या रकान्यात आधीचा १ निवडलेल्या अवस्थेत असतो, म्हणून ३ दाबला की ३ च होतात. पण तोच रकाना माऊसने क्लिक केला तर १ निवडलेला राहत नाही आणि ३ दाबल्यावर १३ किंवा ३१ होतात. कारण साधं आहे: रकान्यात शिरताक्षणी प्रोग्राम मजकूर निवडतो, पण लगेच त्याच क्लिकमुळे विंडोज कर्सर क्लिकच्या जागी ठेवतं आणि निवड पुसली जाते. निवडण्याचं काम बटण सुटल्यानंतर करायला हवं होतं.

खरा त्रास स्कॅनरचा. यूएसबी स्कॅनर संगणकाच्या लेखी कीबोर्डच असतो: आकडे टाइप करतो आणि शेवटी एंटर दाबतो. फोकस नगात असताना कोकम सरबताची बाटली स्कॅन केली की ८९० ने सुरू होणारे १३ आकडे नग म्हणून बसतात. या रकान्याला कमाल मर्यादाच नाही. निदान हे बिल बघून हसू तरी येतं, चूक लपत नाही.

लपते ती दुसरी. माल संपत आला की 'साठा कमी आहे' अशी खिडकी मध्येच उघडते आणि कीबोर्ड स्वतःकडे घेते. गल्ल्यावरच्या माणसाची नजर मालावर असते. पुढचा स्कॅन त्या खिडकीत जातो: आकडे वाया जातात, शेवटच्या एंटरने 'ओके' दाबलं जातं, खिडकी बंद होते. फणसपोळीचं पाकीट पिशवीत जातं, बिलात येत नाही. स्कॅनरचा 'बीप' मात्र नेहमीसारखाच वाजतो. अशी सूचना खिडकीत नको, पडद्याच्या तळाशी पट्टीत हवी. तोवर सेटिंगमध्ये ती बंद ठेवा आणि साठ्याचा अहवाल संध्याकाळी काढा.

एक उपाय दुकानदाराच्या हातात आहे. या प्रोग्राममध्ये एफ२ दाबलं की कर्सर कोडच्या रकान्यात जातो. बऱ्याच स्कॅनरना आकड्यांच्या आधी एखादी कळ पाठवायला शिकवता येतं. त्यासाठीचे बारकोड स्कॅनरच्या पुस्तिकेत असतात. तिथे एफ२ लावलं की नगाचा घोटाळा थांबतो. छपाईनंतर कर्सर तारखेत जाऊन बसतो, तेही यानेच सुटतं. मात्र वरची सूचनेची खिडकी उघडी असेल तर एफ२ चा उपयोग नाही.

जीएसटी क्रमांकाचा रकाना तर हट्टीच आहे. १५ अक्षरं बरोबर नसतील तर बाहेर पडू देत नाही. सुरुवातीचा राज्याचा कोड, महाराष्ट्राचा २७ आणि गोव्याचा ३०, हे दोन्ही तो ओळखतो, बांदा-सावंतवाडीकडे त्याचा उपयोग आहे. पण अर्धवट क्रमांक टाकून गिऱ्हाईक 'राहू दे' म्हणालं तर 'रद्द' बटणही दाबता येत नाही, कारण त्या बटणावर जायलाही आधी तपासणीत पास व्हावं लागतं. डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंग साधनातल्या फॉर्ममध्ये हे 'रद्द'च्या एका गुणधर्माने सुटतं. 'कॉजेस व्हॅलिडेशन' बंद केलं की झालं. तोवर रकाना पूर्ण रिकामा करून पुढे जा.

बिलावर गिऱ्हाइकाचं नाव मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक सांभाळावं. घरगुती मालाला दुकानदार स्वतःची लेबलं छापतात, त्यांचे कोड इंग्रजी अक्षरांनी सुरू होतात. इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू राहिला तर स्कॅनरने पाठवलेल्या मोठ्या 'के'चा 'ख' होतो आणि माल सापडत नाही. नाव लिहून झालं की विंडोज कळ आणि स्पेसबारने इंग्रजीवर या. रकान्यानुसार कीबोर्ड प्रोग्रामलाही बदलता येतो, इथे कुणी तसदी घेतलेली नाही.

चालू रकान्याचा रंगही बदलत नाही. रस्त्याकडे तोंड असलेल्या गल्ल्यावर उन्हात कर्सरची ती बारीक उभी रेघ दिसत नाही. विंडोज ११ च्या 'ॲक्सेसिबिलिटी'त 'टेक्स्ट कर्सर'मध्ये रेघ जाड करता येते आणि रंगीत खूणही लावता येते.

स्कॅनर नसलेल्या, कोड हाताने टाकणाऱ्या छोट्या दुकानाने हा प्रोग्राम खुशाल घ्यावा. स्कॅनर असेल तर पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोर संपत आलेल्या मालाची दोन पाकिटं लागोपाठ स्कॅन करून बघा आणि बिलातल्या ओळी मोजा.