मागे लावलेली स्टेपनी की खाली-आत लपवलेली? एसयूव्ही ठरवताना काय बघायचं

थार, जिम्नी, गुरखा, बोलेरो निओ ह्यांच्यापैकी एखादी बघून आलात आणि दुसरीकडे स्कॉर्पिओ-एन, क्रेटा, नेक्सॉन पण यादीत असेल तर इंजिन, मायलेज, सनरूफ ह्यावर घरात भरपूर चर्चा होते, पण स्टेपनी कुठे आहे हा मुद्दा कोणी काढतच नाही. आणि गाडी घरी आल्यावर रोज ज्याच्याशी गाठ पडते ती गोष्ट हीच. कारण स्टेपनी मागच्या दरवाजावर असली की तुमची डिकी कशी उघडते, गाडी भिंतीपासून किती लांब लावायची, मागचं किती दिसतं, हे सगळं बदलतं.

आधी दिसण्याबद्दल बोलू, कारण खरं सांगायचं तर मागची स्टेपनी बघूनच निम्मे लोक ह्या गाड्यांच्या प्रेमात पडतात, आणि त्यात काही चूक नाही. आपल्याकडे जीप म्हटलं की मागे चाक हे डोळ्यात बसलेलं चित्र आहे. जिप्सी, सुमो, १९९१ ची टाटा सिएरा, १९९८ ची सफारी, पजेरो, सगळ्यांच्या पाठीवर चाक होतं. मग हळूहळू ते गेलं. २०१२ ला सफारी स्टॉर्म आली तेव्हा टाटांनी स्टेपनी गाडीच्या पोटाखाली नेली, होंडाने तिसऱ्या पिढीच्या सीआर-व्ही पासून मागून काढली, टोयोटाच्या राव-४ ची पण पुढे तीच गोष्ट. नवीन सिएरा आली तिच्या पण मागे चाक नाही.

माझं मत असं की ज्या गाडीचा मागचा भाग चाक धरूनच काढलेला आहे तिथे ते भारी दिसतं, जबरदस्तीने चिकटवलेलं लगेच कळतं. जिम्नीचा मागचा भाग बघा, सरळ उभा दरवाजा, दिवे खाली बंपरात, आणि चाक जरा खालच्या अंगाला, त्यामुळे वर काच मोकळी राहते. डिफेंडर आणि जी-क्लास मध्ये पण तसंच, ते चाक काढलं तर गाडी अर्धवट वाटेल. इकोस्पोर्ट बद्दल मात्र लोकांचे सरळ दोन तट होते, काहींना त्या चाकामुळेच ती छोटी गाडी एसयूव्ही वाटायची, काहींना ते ओझं वाटायचं, आणि फोर्डने शेवटी २०२१ मध्ये मागे चाक नसलेली इकोस्पोर्ट एसई पण काढली, तिच्यात स्टेपनीच नव्हती, पंक्चर किट होतं. मला स्वतःला चाकवालीच आवडायची, पण गाडीचा मागचा भाग गोलसर असेल तर चाक तिथे शोभत नाही हे पण मान्य आहे.

आता कामाचं. स्टेपनी ठेवायच्या जागा मुळात तीन. मागच्या दरवाजावर, गाडीच्या पोटाखाली केबलला टांगलेली (इनोव्हा, अर्टिगा, फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन), नाहीतर डिकीच्या तळाशी खड्ड्यात (क्रेटा, नेक्सॉन वगैरे). चौथा पर्याय म्हणजे स्टेपनीच नाही. २०२० मध्ये केंद्राने नियम बदलला, ट्यूबलेस टायर, हवेचं प्रेशर दाखवणारी सिस्टीम आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालते. शहरात खिळा गेला तर किट पुरतं, पण टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, फाटली तर किट काही कामाचं नाही, आणि कोकणात जांभ्याच्या धारदार कडेला टायर घासला की नेमकी साइडवॉलच फाटते. त्यामुळे घाटात, गडाच्या पायथ्याला, गावाकडे जाणाऱ्याने स्टेपनी नसलेल्या गाडीचा विचार दोनदा करावा.

पंक्चर झाल्यावर काय होतं ते एकेक बघा. पावसाळ्यात वरंध घाटात रात्री मागचं चाक बसलंय, गाडीत पाच माणसं आणि सामान. डिकीत स्टेपनी असेल तर आधी सगळ्या बॅगा ओल्या रस्त्यावर काढा, मग कार्पेट उचला, मग चाक बाहेर, आणि शेवटी चिखलाने माखलेलं पंक्चर चाक परत त्याच स्वच्छ डिकीत. ते खड्ड्यात मावलं तर ठीक, कारण बऱ्याच गाड्यांत कंपनी लहान मापाची स्टेपनी देते आणि मोठं चाक त्या खड्ड्यात बसत नाही, मग ते सामानाच्या डोक्यावर. पोटाखालची असेल तर सामान काढावं लागत नाही, पण बंपरच्या भोकातून लांब सळई घालून केबल सैल करत बसायचं, आणि मागचं चाक बसल्यामुळे गाडी आधीच खाली गेलेली असते, म्हणजे चाक ओढून काढायला पण जागा नसते, आधी जॅक लावून गाडी वर घ्या मग झोपून हात घाला. वर त्या केबलला वर्षानुवर्ष कोणी हात लावलेला नसतो, खाऱ्या हवेत नाहीतर चिखलात ती गंजून जाम होते आणि हे कळतं ते नेमकं त्या रात्री. मागच्या दरवाजावर असेल तर पाना घ्या, नट काढा, चाक हातात. सामानाला हात नाही, झोपायचं नाही, कपडे खराब नाहीत. ह्या एका बाबतीत मागची स्टेपनी बाकीच्यांच्या खूप पुढे आहे आणि त्यात वादच नाही.

फक्त एक, काढणं सोपं असलं तरी परत चढवणं सोपं नसतं. थारसारख्या गाडीचं चाक रिमसकट २५ ते ३० किलोच्या घरात जातं, ते कमरेच्या वर उचलून बोल्टात बसवायचं म्हणजे एकट्या माणसाला, वय झालेल्याला किंवा उंची कमी असलेल्याला जड जातं. चाक आधी मांडीवर घ्यायचं, वरचा बोल्ट भोकात आणायचा, मग बाकीचे आपोआप बसतात. घरी एकदा करून बघा, घाटात पहिल्यांदा करायची वेळ येऊ नये.

आणखी एक मोठा फायदा, मागे जागेची अडचण नसल्याने ह्या गाड्यांत शक्यतो पूर्ण मापाची स्टेपनी मिळते. लहान मापाच्या स्टेपनीवर ताशी ८० च्या वर जायचं नसतं, गोव्याहून पुण्याला रात्री निघालात तर ते फार कंटाळवाणं होतं, आणि फोर बाय फोर लावून चालवायचं असेल तर चारही चाकं एका मापाची हवीतच, नाहीतर डिफरन्शियलवर, म्हणजे चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरवर, ताण येतो. पोटाखाली चाक नसल्याने मागून गाडी टेकत नाही हा ऑफरोडवाल्यांचा मुद्दा पण बरोबर आहे, ओढ्यातून वर चढताना लटकणारं चाक आधी घासतं.

मग तोटा कुठे? तोटा पार्किंगमध्ये.

वर उघडणारी डिकी आणि बाजूला उघडणारा दरवाजा हा फरक शोरूममध्ये कळतच नाही कारण तिथे गाडीच्या मागे भरपूर जागा ठेवलेली असते. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये आपण गाडी मागे भिंतीला लावतो. आमच्या शेजारच्यांकडे थार आहे, बाजारातून आले की ते आधी गाडी मधल्या वाटेत उभी करतात, दरवाजा उघडून भाजी-किराणा काढतात, मागच्या गाडीवाल्याला हात दाखवत थांबवतात, आणि मग गाडी जागेवर लावतात. रोज. कारण जागेवर लावल्यावर दरवाजा अर्धा पण उघडत नाही. थारमध्ये वरची काच वेगळी वर उघडते आणि खालचा दरवाजा बाजूला, म्हणजे काम दोनदा. जिम्नीत एकच उभा दरवाजा आहे, त्याला तर अजून जागा लागते.

आणि दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो ते नक्की बघा. जिम्नीची बिजागरी उजवीकडे आहे, म्हणजे रस्त्याच्या डाव्या कडेला गाडी लावली की फुटपाथकडून आरामात सामान काढता येतं, गाडी मूळ जपानी, आणि जपान आणि आपली वाहतूक एकाच बाजूची असल्याचा हा फायदा. इकोस्पोर्टचं हॅंडल उजव्या टेललाइटमध्ये लपवलेलं होतं, म्हणजे दरवाजा डावीकडे उघडायचा आणि फुटपाथ अडवायचा, तुम्ही मात्र ट्रॅफिकच्या बाजूला उभे. सेकंड हॅंड इकोस्पोर्ट घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, त्या अजून पुष्कळ फिरतायत.

पावसाचा पण मुद्दा आहे. वर उघडणाऱ्या डिकीखाली माणूस उभा राहतो, सामान काढताना डोकं कोरडं राहतं. बाजूला उघडणाऱ्या दाराखाली तसं छप्पर नाही, जुलैत आंबोलीला गेलात की दार उघडताच पाणी सरळ आत. उतारावर गाडी लावली तर ते जड दार एकतर धाडकन उघडतं नाहीतर अंगावर येतं, त्यामुळे दार अडकवून ठेवणारा स्टे घट्ट आहे का ते बघा, लहान मुलं असतील तर जास्तच.

लांबीचं गणित पण सोपं आहे. पाच दारी जिम्नी चाक धरून ३९८५ मिमी आहे, चाक सोडून ३८२०. म्हणजे १६५ मिमी निव्वळ त्या चाकाचे. डिफेंडर ११० मध्ये हाच फरक २६० मिमी होतो, ४७५८ वरून थेट ५०१८. मुंबई-पुण्याच्या स्टॅक पार्किंगमध्ये, म्हणजे एकावर एक गाड्या लावतात तिथे, लांबीची मर्यादा असते, तिथे वॉचमनला विचारून नाही, लिहिलेली मर्यादा बघून आणि टेप घेऊन मोजा. पण उलट बाजू पण बघा, जिम्नीची डिकी सगळ्या सीट वर असताना २०८ लिटरची आहे, तेच चाक आत घातलं असतं तर डिकी उरलीच नसती. छोट्या गाडीत चाक बाहेर म्हणजे जागा आत.

धक्का लागला तर? बंपर हा छोटे धक्के खायला असतो, पण मागचं चाक बंपरच्या पुढे आलेलं असेल तर धक्का आधी चाकाला, चाकातून दरवाजाला. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या आयआयएचएस संस्थेने पूर्वी ताशी ५ मैल, म्हणजे जेमतेम ८ किलोमीटर वेगाने गाड्या मागून खांबावर आदळून बघितल्या होत्या, त्यात मागे स्टेपनी असलेल्या छोट्या एसयूव्हींचा दरवाजा चेपून काचेपर्यंत नुकसान गेलं होतं. बंपर बदलणं आणि अख्खा दरवाजा सरळ करणं ह्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सेन्सर बंपरमध्ये खाली असतात, ट्रकचा फाळका किंवा बाहेर आलेला स्लॅब त्यांना दिसतोच असं नाही, आणि चाक नेमकं त्याच उंचीला. रिव्हर्स कॅमेरा असलेलंच व्हेरियंट घ्या. रॅंग्लरमध्ये तर कॅमेरा चाकाच्या मधोमधच दिलाय. आरशातून मागचं कमी दिसतं हे सगळ्यांनाच लागू, सवय होते, पण गाडीच्या मागे खेळणारं लहान मूल सवयीने दिसत नाही.

जुनी घेत असाल तर दरवाजाच बघायचा. एवढं वजन वर्षानुवर्ष बिजागरीवर लटकलं की दार एका बाजूने उतरतं. कोकणात जुन्या बोलेरोंचे मालक दार लावताना खालून गुडघ्याचा टेकू देऊन उचलतात आणि मग आपटतात, हे तुम्ही पण बघितलं असेल. दार अर्धं उघडा, चाक दोन्ही हाताने वर-खाली हलवून बघा, बिजागरीत ढिलाई असेल तर हाताला लगेच कळते. चाक आणि दार ह्यांच्यातले रबर झिजले असतील तर खराब रस्त्यावर मागून सतत खडखड येणार. रबर स्वस्त असतं, बिजागरीचं काम महाग.

चोरीच्या बाबतीत लोकांना वाटतं बाहेरचं चाक आधी जाणार, पण अर्टिगा-इनोव्हाच्या पोटाखालच्या स्टेपन्या पण सर्रास जातात आणि त्या गेल्याचं महिना महिना कळत पण नाही. मागची गेली तर निदान सकाळी दिसतं. दोन्हीकडे लॉक नट लावून घ्या, मागच्याला तर पहिल्याच आठवड्यात, आणि त्याची किल्ली गाडीतच जॅकसोबत ठेवा.

बाहेरून आणून लावायच्या कॅरियरबद्दल विचारणारे पण बरेच असतात. म्हणजे मूळ गाडीत स्टेपनी आत आहे आणि लुकसाठी मागे चाक हवंय. माझा सरळ सल्ला, नको. ज्या दरवाजाचा पत्रा आणि बिजागरी एवढं वजन धरून बनवलेली नाही तिथे २५ किलो लटकवलं की वर्ष-दोन वर्षात दार उतरणार, डिकी वर उघडणारी असेल तर तिला वर धरून ठेवणारे शॉक ते वजन धरणारच नाहीत. चॅसीवरून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरून निघणारा, वेगळा बाजूला फिरणारा कॅरियर हा त्यातल्या त्यात बरा, पण तो लावला की डिकी उघडायला दोन कामं, नंबर प्लेट झाकली जाते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल परस्पर करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने पण जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय. अपघातात क्लेमच्या वेळी हेच काढलं जातं. मागे चाक हवंच असेल तर कंपनीनेच दिलेली गाडी घ्या.

आणि हो, बाजूला उघडणारं दार म्हणजे मागे स्टेपनी असणारच असं धरू नका. स्कॉर्पिओ-एन चं दार बाजूला उघडतं आणि स्टेपनी मात्र पोटाखाली. म्हणजे पार्किंगची अडचण आहेच आणि पंक्चरच्या वेळची सोय नाही, ह्या एका बाबतीत मला ती गाडी पटत नाही, बाकी ती गाडी म्हणून चांगलीच आहे.

तर कोणी काय घ्यावं. बंगला, वाडा, गावाकडे अंगण, गाडी मोकळ्यावर लागते आणि महिन्यातून एखादी तरी फेरी कच्च्या रस्त्यावर, तर मागच्या स्टेपनीवाली डोळे झाकून घ्या. फ्लॅट, भिंतीला लागलेलं पार्किंग, रोज स्ट्रोलर किंवा आजी-आजोबांची व्हीलचेअर डिकीत टाकायची असेल तर कितीही आवडली तरी वर उघडणारी डिकीच घ्या. मधले कोणी असाल, म्हणजे पार्किंग शहरात आणि जीव सह्याद्रीत, तर टेस्ट ड्राइव्हची गाडी शोरूमच्या रस्त्यावर फिरवू नका, थेट स्वतःच्या पार्किंगमध्ये न्यायला सांगा, नेहमीसारखी लावा आणि मागचं दार पूर्ण उघडून दोन पिशव्या आत-बाहेर करा.

घेतलीत की टायर कधी बनला ते सांगणारा त्याच्यावरचा चार आकडी कोड वाचून ठेवा, २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. मागचं चाक न चालता पण उन्हात जुनं होतं, रबराला बारीक चिरा पडतात, म्हणून कव्हर घाला, पण त्यातून हवेचा वाल्व हाताला येईल असं, कारण कव्हर काढायचा कंटाळा आला की हवा तपासणं सुटतं. पाचही चाकं एकाच मापाची असतील तर स्टेपनी पण रोटेशनमध्ये फिरवत जा, पाचही टायर एकत्र झिजतात आणि दरवाजावर कोरा-करकरीत पण दहा वर्ष जुना टायर राहत नाही.