मानवशास्त्राचा पहिला कोर्स ऑनलाइन: आपल्या सवडीने की झूमवर ठरल्या वेळी?

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात मानवशास्त्राचा पहिला कोर्स ऑनलाइन घ्यायचा ठरवलं, की क्लास शेड्यूलमध्ये दोन प्रकारचे सेक्शन, म्हणजे वर्ग, दिसतात. एकापुढे वार-वेळ काहीच नसतं. आठवड्याचं काम कॅनव्हास या कॉलेजच्या वेबसाइटवर येतं, ते आपण सवडीने करायचं. त्याला असिंक्रोनस म्हणतात. दुसऱ्यापुढे वार आणि वेळ छापलेली असते, तेव्हा झूमवर हजर राहायचं. फी सारखीच, युनिटही (क्रेडिट) तेवढीच, आणि बहुतेक जण सोय बघून पहिला प्रकार घेतात. मी दोन्ही घेतले: सांस्कृतिक मानवशास्त्र सवडीने, आणि पुढच्या टर्मला जैविक मानवशास्त्र झूमवर. विषय वेगळे होते, प्राध्यापक वेगळे होते, त्यामुळे माझ्या अनुभवाला मोजमाप समजू नका. पण मत झालं आहे, ते सांगतो.

आधी सवडीच्या सेक्शनची बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे. सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियात नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींची संध्याकाळ भारताच्या ऑफिसची असते. तिकडे सकाळ उजाडली, की इकडे साडेआठ-नऊला कॉल सुरू होतात, आणि संध्याकाळचे वर्ग नेमके त्याच सुमाराला असतात. घरात लहान मूल असेल किंवा आई-वडील सहा महिन्यांसाठी आले असतील, तर ठरावीक वेळ पाळणं अवघडच. शिवाय या विषयात काही गोष्टी थांबून बघाव्या लागतात. नात्यांचा तक्ता पहिल्यांदा समोर येतो तेव्हा त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, बरोबरचं चिन्ह म्हणजे विवाह, एवढं कळतं. पण चार पिढ्यांचा तक्ता वाचताना व्हिडिओ मागेपुढे करावाच लागतो. मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्कीने पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर पाहिलेली कुला ही भेटवस्तूंची देवघेव तशीच. तांबड्या शिंपल्यांच्या माळा एका दिशेने फिरतात, पांढरी कडी उलट दिशेने, आणि या फिरण्यातून बेटाबेटांमधली नाती टिकतात. हे मी रात्री उशिरा, घर शांत झाल्यावर, नकाशा शेजारी उघडून समजून घेतलं. झूमवर ते वीस मिनिटांत पुढे सरकलं असतं.

तरीही माझं पारडं दुसरीकडे झुकलं, आणि ते एकाच गोष्टीमुळे: डिस्कशन बोर्ड, म्हणजे वर्गाचा लेखी चर्चेचा फलक.

सवडीच्या जवळजवळ प्रत्येक सेक्शनमध्ये ही पद्धत सापडेल. आठवड्याच्या मध्याला एक प्रश्न येतो, त्यावर दोन-अडीचशे शब्दांची पोस्ट लिहायची. मग रविवारी रात्री ११:५९ च्या आत दोन सहाध्यायांना उत्तरं द्यायची. बऱ्याच ठिकाणी आपली पोस्ट टाकल्याशिवाय इतरांच्या पोस्ट दिसतच नाहीत. दोन्ही उत्तरांना गुण असतात, म्हणून दोन्ही येतात, आणि बहुतेक रविवारी रात्री दहानंतर येतात.

नातेसंबंधांच्या आठवड्यात मी मनापासून लिहिलं होतं. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, आत्याच्या मुलीशी मात्र चालत नाही. उत्तरेत दोन्ही वर्ज्य मानतात, दक्षिणेत दोन्हींची मुभा दिसते, आणि आपण मध्ये. डेक्कन कॉलेजात काम केलेल्या मानवशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या १९५३ च्या ग्रंथात हा प्रांतवार फरक मांडला आहे. माझ्या अभ्यासक्रमात बोआस, मीड, मॅलिनोव्स्की हे पाश्चात्त्य मानवशास्त्रज्ञ होते, कर्वे नव्हत्या. म्हणून मीच त्यांना आणलं. मामाकडूनच मुलगी का, आत्याकडून का नाही, मुलगी देणारं घर आणि घेणारं घर यांच्यातला मान कोणत्या दिशेने वाहतो, यावर कुणी विचारेल असं मला वाटत होतं. वर्गात मेक्सिकन, व्हिएतनामी, फिलिपिनो, इथिओपियन घरांतली मुलं होती. प्रत्येकाच्या घरात याचं काही ना काही उत्तर असणार.

रविवारी रात्री दोन उत्तरं आली. छान पोस्ट, नवीन माहिती मिळाली, मी सहमत आहे. दुसऱ्या उत्तरात माझीच वाक्यं जरा फिरवून परत आली होती. प्राध्यापकांचा प्रश्न आला तो बुधवारी, आणि चांगला होता, पण तोवर वर्ग पुढच्या विषयावर, देवाणघेवाणीवर गेला होता. जुन्या धाग्यावर परत कुणी फिरकत नाही, कारण तिथे आता गुण नसतात. असं आठवड्यामागून आठवडे होत राहिलं. त्या मुलांना मी दोष देत नाही. दोन नोकऱ्या करून शिकणारी मुलं होती ती. आणि मीही कितीदा रविवारी रात्री तशीच उत्तरं लिहिली. पण ज्या विषयाचा सगळा डोलारा माणसाला विचारण्यावर आणि त्याचं ऐकण्यावर उभा आहे, त्यात हीच एक गोष्ट होत नव्हती, याचा मला फार त्रास झाला.

ही पद्धत प्राध्यापकांच्या हौसेतून येत नाही. ऑनलाइन कोर्समध्ये शिक्षकाचा विद्यार्थ्यांशी नियमित आणि भरीव संवाद हवा, असा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा नियम आहे. तो नसेल तर कोर्स पत्रद्वारा शिक्षणात मोजला जातो आणि विद्यार्थ्यांच्या आर्थिक मदतीवर परिणाम होतो. त्यावर कॅलिफोर्नियाचा नियम विद्यार्थ्यांचा आपापसातला संपर्कही मागतो. वार-वेळ नसलेल्या वर्गात हा संपर्क दाखवायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे डिस्कशन बोर्ड. त्यामुळे सेक्शन बदलून यातून सुटका होईलच असं नाही.

झूमवरच्या वर्गाचे पहिले काही आठवडे मला फारसे आवडले नव्हते, हेही सांगायला हवं. अर्ध्या जणांचे कॅमेरे बंद असत, ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे छोट्या गटांत, पाठवलं की चौघांपैकी दोघेच बोलत. मग दुधाचा विषय निघाला. बहुतेक सस्तन प्राण्यांत दूध सुटल्यावर लॅक्टोज ही दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) बनणं कमी होत जातं. काही मानवसमूहांत मात्र ते मोठेपणीही टिकतं, आणि त्याचा संबंध हजारो वर्षांच्या पशुपालनाशी आहे. प्राध्यापिकेने सहज विचारलं, तुमच्या घरी दूध कोण पितं? एका पंजाबी मुलीने सांगितलं, आजोबा रोज मोठा ग्लासभर पितात. व्हिएतनामी मुलगा म्हणाला, आमच्याकडे मोठं कुणीच पीत नाही. मी दह्या-ताकाचं बोललो. आंबवल्यावर लॅक्टोज कमी होतं, म्हणजे विकर कमी असलेल्यालाही ताक सोसतं, हा मुद्दा तिथून निघाला. मग बाईंनी हातातली स्लाइड बाजूला ठेवली आणि वायव्य भारतात हे विकर टिकण्याचं प्रमाण दक्षिण आणि पूर्व भारतापेक्षा जास्त का, पूर्व आशियात कमी का, हे आमच्याच घरांच्या उदाहरणांवर समजावलं. एक प्रश्न तीन मिनिटांत चार घरांतून फिरून आला. बोर्डावर त्याला दहा दिवस लागले असते, आणि बहुधा तो फिरलाच नसता.

निरीक्षणाची असाइनमेंट दोन्हीकडे असते: बाजारात, देवळात किंवा बार्टच्या (बे एरियातल्या लोकलच्या) डब्यात तासभर बसून टिपणं काढायची. तिच्यापुरतं दोन्ही प्रकार सारखेच म्हणावे लागतील. फक्त झूमवर दुसऱ्याची टिपणं त्याच्याच तोंडून ऐकायला मिळतात, आणि आपण काय बघायचं राहिलं ते तिथे उमगतं.

सायन्सच्या लॅबची अट भरायला जैविक मानवशास्त्र घेत असाल, तर शक्यतो प्रत्यक्ष कॉलेजात जा. कवटीच्या तळाचं मज्जारज्जूचं छिद्र दोन पायांवर चालणाऱ्यांत पुढे सरकलेलं असतं, हे पडद्यावर त्रिमितीय प्रतिमा फिरवूनही दिसतं. स्मिथसोनियनने अशा प्रतिमा इंटरनेटवर खुल्या ठेवल्या आहेत आणि त्या चांगल्या आहेत. पण चिंपांझीची आणि माणसाची प्रतिकृती दोन हातांत घेतल्यावर जे कळतं ते वेगळंच.

ज्यांची संध्याकाळ खरोखर मोकळी नाही, त्यांनी सवडीचाच सेक्शन घ्यावा. कोर्स अजिबात न घेण्यापेक्षा तो कितीतरी चांगला. त्यातही मिळाला तर आधीचा सिलॅबस बघा. मुलाखत घेऊन लिहायचं काम असेल, किंवा टर्मभर त्याच चार-पाच जणांचा छोटा गट असेल, तर बोर्डाचा त्रास बराच कमी होतो. उन्हाळ्यातला सहा आठवड्यांचा सेक्शन मात्र नोकरी सांभाळून घेऊ नये असं मला वाटतं. तीन युनिटचं काम साधारण १४४ तासांचं धरतात, म्हणजे आठवड्याला २४ तास होतात. एवढ्या घाईत वाचन तेवढं उरकतं.

खर्चाने निवड ठरत नाही. राज्याच्या रहिवाशांना सेमिस्टर पद्धतीत युनिटला ४६ डॉलर पडतात. एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असलेल्यांनाही एक वर्षाचा रहिवास सिद्ध करून हा दर मिळू शकतो, तेव्हा अ‍ॅडमिशन ऑफिसात जरूर विचारा. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांनी लक्षात ठेवावं, की झूमवरचा वर्गही ऑनलाइनच धरला जातो आणि पूर्णवेळ अभ्यासक्रमात टर्मला असा एकच कोर्स मोजतात. पुस्तकासाठी शेड्यूलमध्ये शून्य खर्चाची खूण शोधा. सांस्कृतिक आणि जैविक, दोन्ही शाखांची चांगली मोफत पाठ्यपुस्तकं आहेत आणि बरेच प्राध्यापक तीच लावतात.

झूमवरचे सेक्शन संख्येने कमी असतात आणि संध्याकाळचे लवकर भरतात. भरलेला दिसला तरी वेटलिस्टवर नाव टाका आणि पहिल्या दिवशी वेळेवर हजर राहा. जे येत नाहीत त्यांची नावं प्राध्यापक पहिल्याच आठवड्यात काढतात, आणि त्या जागा वेटलिस्टला मिळतात.