वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज : रुग्णाच्या मुलीचा अनुभव

आईच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही तमिळनाडूतील या रुग्णालयात अकरा दिवस होतो. डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० साली एका खाटेच्या दवाखान्यातून उभ्या केलेल्या या संस्थेचे ब्रीद, सेवा करून घेण्यास नव्हे तर सेवा करण्यास, हे ख्रिस्तवचन आहे. तमिळचा गंधही नसलेल्या आईला एका परिचारिकेने हात हातात घेऊन, तोडक्यामोडक्या हिंदीत सारे समजावले आणि आदल्या रात्री, आधी विचारूनच, तिच्यासाठी प्रार्थना केली. धर्मांतराविषयी मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. उपचारांइतकीच ही माया मला मोलाची वाटते. निघण्याच्या दिवशी, जन्मभर पंढरीची वारी केलेल्या आईने स्वतःहून तिला येशूविषयी विचारले आणि दोघी बराच वेळ बोलत बसल्या.